ओव्यांची फाईल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे संगणकाचे काही निघाले की मला हाक पडते, आणि मला ते येत असणारच असे सर्वजण धरून चालतात. गेल्या दिवाळीत थोरल्या काकांनी एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजीने सांगितल्या, काकांनी वहीत उतरवल्या आणि २००६ साली तालुक्याच्या एका दुकानात टाइप करून घेतल्या. पुढे वहीला वाळवी लागली. आजीही गेली. उरली ती ही फाईल. उघडून पाहते तो मराठीचे एक अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरे आणि कंस.

वाचकहो, फाईल बिघडलेली नव्हती. त्या काळी टायपिंगच्या दुकानांत क्रुतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांवर काम चाले. हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवीत. क्रुतिदेवात 'राम' लिहिला तर संगणकाच्या पोटात जाते जे, के, ई. तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर राम दिसतो, नसलेल्यावर जेकेई. युनिकोडचे तसे नाही. तेथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो कोठेही गेला तरी 'क'च राहतो. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, परंतु दुकानांत जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले.

मी आधी सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलून पाहिला. बहुतेकजण हीच चूक करतात. फरक पडला नाही, पडणार कसा? आत जेकेईच होते. खरा उपाय असा: मजकूर निवडला की वरच्या चौकटीत मूळ फॉन्टचे नाव दिसते. ते लिहून घ्यावे. मूळ फाईलला हात न लावता तिची प्रत काढावी आणि त्याच फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकात मजकूर घालावा. असे परिवर्तक फुकट मिळतात. फॉन्ट दुसरा निवडला तर मात्र भलतेच मराठी बाहेर पडते.

यानंतर काम संपले असे मला वाटले होते. ते तेथे सुरू झाले. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर आले की चुकतो. या चुका डोळ्यांना लगेच दिसतात. न दिसणारी चूक निराळीच. मी निवडलेल्या परिवर्तकाला अर्धा 'र', म्हणजे 'ऱ्या'तला तो आडवा 'र' माहीत नव्हता. त्याने सरसकट रफार दिला. आचाऱ्यांचे आचार्य झाले आणि वाचताना मला काहीही खटकले नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

शेवटी मी सगळ्या ओव्या आत्याला वाचून दाखवल्या. एके ठिकाणी माहेरच्या वाटेवर 'दर्या' आला तशी ती थांबली. "अगं, आपल्याकडं कुठला दर्या? दऱ्या त्या, डोंगरातल्या." आमच्या गावातल्या निम्म्या बायांनी समुद्र पाहिलेला नाही, आजीनेही नव्हता, आणि मी मात्र ती ओवी समुद्राची म्हणून दोनदा वाचून गेले होते! इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र'ची कळ दाबली की 'ऱ' उमटतो. पुढे हलन्त व 'य' घातला की झाले. एकूण चौदा जागा दुरुस्त केल्या. सगळ्या आत्यानेच दाखवल्या.

वाचता वाचता तिने दोन ओव्या अशा म्हटल्या की त्या फाईलीत नव्हत्याच. काकांनी घाईत गाळल्या असतील, किंवा आजीने त्यांना मुलगा म्हणून सांगितल्या नसतील. आत्याचे म्हणणे दुसरेच खरे. त्या मी तिच्यासमोर बसून टाइप केल्या.