दोन जोडण्यांचा संसार

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले; तरी अत्यवस्थ बाळ समोर आले की आपली दृष्टी नागपूरकडेच वळते. मागील पावसाळ्यात एका नवजात अर्भकाविषयी तेथील सहकाऱ्यांशी व्हिडिओवर बोलत असता संभाषण मध्येच तुटले. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या होत्या. राउटरवरील दोन्ही दिवे हिरवे होते. उरलेले बोलणे मोबाईलवर उरकून बाळाला रवाना केले आणि मग या विषयाच्या अभ्यासास बसलो.

माझी पहिली समजूत चुकीची निघाली. दोन जोडण्या म्हणजे दुप्पट वेग नव्हे. एकाच फाइलीची पॅकेटे आळीपाळीने दोन्ही वाटांनी धाडली, तर ती उलटसुलट क्रमाने पोहोचतात. पाठविणारा संगणक त्यांना हरवलेली समजून वेग कमी करतो. म्हणून राउटर पत्ते व पोर्ट क्रमांकांवरून गणित करून प्रत्येक संभाषण सबंध एकाच वाटेला नेमून देतो. दहा जणांचे काम वाटले जाते, एकाची एक्स-रे फाइल मात्र एकाच जोडणीच्या गतीने जाते. वाट तुटली की त्यावरील संभाषणही तुटते, कारण दुसऱ्या वाटेवर आपला बाहेरचा पत्ता निराळा असतो.

जोडण्या असमान असतील तर वाटणीही असमान ठेवावी. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून व उरलेले हिपॅटिक धमनीतून मिळते, तसेच हे.

आमचा खरा दोष वेगळाच होता. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत होत्या आणि दोन्ही पुढे एकाच ठिकाणी तुटल्या होत्या. राउटर केवळ शेजारच्या यंत्राची विचारपूस करून समाधान मानीत होता. हे म्हणजे मनगटाची नाडी न पाहता घड्याळ पाहणे! ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबली तुटल्या, तेव्हा भारताचे इंटरनेट मंदावले होते. केबली दोन, पण समुद्राचा पट्टा एकच.

आता एक जोडणी फायबरची व दुसरी मोबाईल टॉवरवरून आहे. राउटर दूरच्या पत्त्याला दर काही सेकंदांनी हाक देतो, व्हिडिओला फायबरवर प्राधान्य आहे आणि दोन्ही उपकरणे बॅटरीवर आहेत. महिन्यातून एकदा मी स्वतः फायबरची तार उपटून पाहतो. काउंटरवरील मंडळी कुरकुरतात, चालू संभाषण तुटते, पण नवे लगेच जुळते.