चर्चच्या आवारातील दगडी क्रूस



१४ सप्टेंबर रोजी आपण पवित्र क्रूसाच्या गौरवाचा सण साजरा करतो. त्या निमित्ताने मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात उभ्या केलेल्या दगडी क्रूसांची ओळख करून घेऊ या.

रचना : खाली पायऱ्यांचे जोते, त्यावर खोबणीचा मोठा दगड, खोबणीत रोवलेला उंच खांब आणि टोकाला कोरीव शिरोभाग. शिरोभागावर बहुधा एका बाजूस क्रूसावरील प्रभू येशू आणि दुसऱ्या बाजूस बाळ येशूसह पवित्र मरिया कोरलेली असे.

मृतांचा क्रूस : त्या काळी गोरगरिबांच्या कबरेवर नावाचा दगड क्वचितच असे. आवारातील हा एकच क्रूस तेथे विसावलेल्या सर्वांचा क्रूस होता. गरिबाला वेगळी खूण नव्हती, पण तो क्रूसाच्या छायेत होता.

झावळ्यांचा रविवार : इंग्लंडमध्ये खजुराच्या झावळ्या कोठून मिळणार? लोक यू, बॉक्स, विलो अशा झाडांच्या डहाळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चबाहेर येत. सॉल्झबरीच्या उपासनाविधीत दुसऱ्या मिरवणुकीने पवित्र साक्रामेंत आणले जाई. आवारात दोन्ही मिरवणुकी एकत्र येत, भाविक गुडघे टेकत आणि प्रभूच्या येरुशलेम प्रवेशाचे शुभवर्तमान वाचले जाई. म्हणूनच ह्या क्रूसाला 'झावळ्यांचा क्रूस' असेही म्हणत.

मोडतोड : १६ व्या शतकातील धर्मसुधारणेनंतर ह्या क्रूसांवर घाव पडू लागले. ऑगस्ट १६४३ मध्ये पार्लमेंटने चर्चमधील व आवारातील क्रूस काढून टाकण्याचा हुकूमच काढला. आज अनेक गावांत फक्त पायऱ्या आणि तुटका खांब उरला आहे.

परंतु ग्लॉस्टरशायरमधील अ‍ॅम्पनी क्रूसिस येथे वेगळे घडले. तेथील १५ व्या शतकातील क्रूसाचा शिरोभाग १९ व्या शतकात चर्चच्याच भिंतीत चिणलेला सापडला. आज तो पुन्हा आपल्या खांबावर उभा आहे. कोणीतरी तो फोडण्याऐवजी जपला, म्हणून तो वाचला.

आपल्यासाठी बोध : दगडाचा क्रूस टिकतो तो भाविकांच्या श्रद्धेमुळे. आपल्या दफनभूमीतील क्रूसाजवळून आपण कितीदा घाईने निघून जातो! ह्या आठवड्यात कुटुंबासह तेथे क्षणभर थांबू या आणि ज्यांची नावे आता कोणालाच आठवत नाहीत, अशा मृतांसाठी एक 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणू या.