ट्रॅक्टर व एंजिनाच्या बॅटरीची निगा

पुण्यातील खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि पुढे तिची डिझेल एंजिने गावोगावच्या विहिरींवर दिसू लागली. लहान एंजिने हॅंडल मारून हातानेच सुरू करावी लागत. आता ट्रॅक्टर व मोठी एंजिने बॅटरीच्या साहाय्याने सुरू होतात. श्रम वाचले, परंतु एक जबाबदारी वाढली. हंगाम संपल्यावर शेतकरी एंजिनाचे तेल बदलतो, ट्रॅक्टर धुऊन आडोशाला उभा करतो. बॅटरीचा मात्र त्याला विसर पडतो. मग पाऊस पडून वापसा येतो आणि नेमक्या पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर जागचा हालत नाही. गेलेला वापसा पैसे देऊन परत मिळत नाही.

बॅटरी का बिघडते?

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होताना पट्ट्यांवर लेड सल्फेटचा बारीक थर बसतो व अम्ल पातळ होते. बॅटरी वेळीच चार्ज केल्यास हा थर नाहीसा होऊन अम्ल पूर्ववत होते. परंतु ती उतरलेल्या स्थितीत कित्येक आठवडे पडून राहिली, तर या थराचे कठीण खडे बनतात. ते पुढे चार्जिंगला दाद देत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. न वापरलेली बॅटरीही आपोआप उतरत असते व उन्हाळ्यात ती अधिक लवकर उतरते. म्हणून बॅटरी रिकामी ठेवू नये, हाच तिच्या निगेचा पहिला नियम होय.

तपासणी व चार्जिंग

हायड्रोमीटरने अम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. बॅटरीच्या प्रकारानुसार १.२४० ते १.२८० असल्यास ती भरलेली समजावी, १.२०० च्या आसपास आल्यास ती निम्मी उतरली आहे असे जाणावे. झाकणे न उघडणाऱ्या बॅटरीचा दाब व्होल्टमीटरने मोजावा. काही तास विसावलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तो १२.४ च्या खाली गेल्यास चार्जिंग करावे.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या एकदशांश ठेवावा. उदाहरणार्थ, ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअर पुरेत. सर्व कप्प्यांतून बुडबुडे येऊ लागले आणि तासातासाने घेतलेली गुरुत्वाची तीन मापे सारखी आली, की चार्जिंग थांबवावे. त्यापुढे चालू ठेवल्यास पाणी उडून जाते व पट्ट्यांवरील लेप गळतो. अम्लाची उष्णता ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये.

नेहमीची काळजी

१. पट्ट्या अम्लात सदैव बुडालेल्या असाव्यात. पातळी उतरल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार व लोह पट्ट्यांना अपाय करतात. अम्ल सांडले नसेल तर वरून अम्ल घालू नये.

२. टोकांवरील पांढरट-हिरवा थर सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावा, टोके पुसून कोरडी करावीत व व्हॅसलीन लावावे. धुताना झाकणे घट्ट असावीत. सोडा कप्प्यात जाता कामा नये.

३. चार्जिंगच्या वेळी स्फोटक हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जागा हवेशीर असावी व जवळ विडी, कंदील किंवा ठिणगी नसावी. अम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

४. हंगाम संपताच बॅटरी पूर्ण चार्ज करून वायर सोडवावी. सोडविताना जमिनीची, म्हणजे अर्थची, वायर प्रथम काढावी. बॅटरी थंड, कोरड्या जागी ठेवून दरमहा तपासावी. एंजिन पाच-दहा मिनिटे चालविल्याने उतरलेली बॅटरी भरत नाही.

निकामी बॅटरी घरी फोडू नये, कारण शिसे विषारी आहे. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. ती विक्रेत्याकडे परत द्यावी.

महिन्यातून अर्धा तास बॅटरीसाठी काढणाऱ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वापशाच्या दिवशी शेतात असेल.