डिकीचे अडलेले कुलूप

जुनी मोटार विकत घेणारा गृहस्थ इंजिन पाहतो, चाके पाहतो, रंग पाहतो. डिकीच्या कुलपाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु बहुतेक जुन्या मोटारींत जादा चाक, म्हणजे स्टेपनी, आणि जॅक डिकीतच असतात. धारवाडहून अळणावर, लोंढा या मार्गाने गोव्यास जाताना अनमोड घाटात चाक पंक्चर झाले व डिकी उघडेना, तर बोटाएवढे कुलूप साऱ्या कुटुंबाला रानात अडकवून ठेवील. म्हणून या कुलपाची रचना विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आता निघत नाही. उत्तरपाड्याची अँबॅसडरही २०१४ साली बंद झाली. अशा गाड्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. कुलूप फोडणे सोपे. त्याच्या जागी तसेच दुसरे बसविणे कठीण.

मोटारीच्या कुलपात एक स्थिर नळी असते व तिच्या आत फिरणारा गोल दट्ट्या असतो. दट्ट्यात पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसविलेल्या असून प्रत्येकीस बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना या पट्ट्या बाहेर डोकावून नळीच्या खाचेत अडकतात. योग्य किल्लीचे दाते सर्व पट्ट्यांना एका पातळीवर आणतात. मगच दट्ट्या फिरतो आणि त्याच्या शेपटाकडची जोडपट्टी झाकणाची खिट्टी सोडविते.

दोष कोठे आहे, हे किल्लीच सांगते. किल्ली पुरती आत जात नसेल, तर छिद्रात माती किंवा गंज आहे. आत जाऊन फिरत नसेल, तर पट्ट्या अडकल्या आहेत, दाते झिजले आहेत किंवा झाकणाचा ताण खिट्टीवर आला आहे. अशा वेळी एकाने झाकण तळहाताने खाली दाबून धरावे व दुसऱ्याने किल्ली हलकेच फिरवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. किल्ली फिरते पण झाकण उठत नाही, असे असेल तर बिघाड मागच्या जोडपट्टीत किंवा खिट्टीत आहे. तेथे किल्लीच्या छिद्रात तेल ओतून लाभ नाही. मागील आसनाची पाठ काढून आतून वाट मिळते का, ते पाहावे.

पट्ट्या अडकल्या असल्यास गंज सोडविणारे पातळ तेल थोडे सोडून पाव तास थांबावे. मग किल्ली अनेकदा आतबाहेर करावी व दर वेळी पुसावी. कुलूप मोकळे होऊन वाळले, की ग्राफाइटची पूड घालावी. घरातले खोबरेल तेल मात्र वापरू नये. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि धारवाडच्या डिसेंबरातील पहाट त्याहून थंड असते. शिवाय पावसाळ्यापूर्वी सप्तापुरातील रस्त्यांवरून उडणारी धूळ त्या तेलात मिसळून तिचा चिखल होतो.

पक्कड लावून किल्ली पिळणे सर्वांत वाईट. तुकडा आत राहिला की एका दोषाचे दोन होतात. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी करून घेणेही व्यर्थ. शेजाऱ्याच्या वहीतून गणित उतरविताना त्याची चूकही उतरते, तशी नव्या किल्लीत जुनी झीज उतरते. न वापरलेली जोडकिल्ली असल्यास तिच्यावरून करावी, नाहीतर कुलूप उतरवून कारागिराकडून पट्ट्यांच्या मापाने घडवून घ्यावी.

आपले कन्नड शेजारी किल्लीला 'कीलिकै' म्हणतात. 'कीलि' म्हणजे कुलूप, 'कै' म्हणजे हात. हात चाचपतो, अडथळा ओळखतो आणि मग जोर लावतो; किल्लीही तशीच वापरावी. दूरच्या प्रवासास निघण्याच्या आदल्या दिवशी डिकी एकदा उघडून पाहावी, आणि स्टेपनीत हवा आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.