फुले काढल्यानंतर कंदांची निगा

फुलांचा दांडा कापून बाजारात रवाना झाला की हंगाम संपला, असा समज निशिगंध व ग्लॅडिओलस लावणाऱ्या पुष्कळ बागायतदारांमध्ये आढळतो. वस्तुतः पुढील वर्षाच्या पिकाची तयारी त्याच दिवशी सुरू होते. या पिकांत बेण्याचा खर्च मोठा असतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कोरडवाहू टापूत विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर फुलशेती करणाऱ्या लहान शेतकऱ्याला दरवर्षी विकतचे कंद परवडत नाहीत. घरचे बेणे राखता आले, तरच हा धंदा त्याच्या अंगवळणी पडतो.

ग्लॅडिओलसचा लावलेला कंद फुलोऱ्याला अन्न पुरवून स्वतः सुकून जातो. त्याच्या माथ्यावर नवा कंद धरतो आणि भोवती हरभऱ्याएवढी पिले येतात. या नव्या कंदाचे पोषण पाने करतात. म्हणून दांडा काढताना झाडावर किमान चार पाने ठेवावीत. लांब दांड्याला भाव बरा मिळतो, हे खरे. परंतु तेवढ्या लोभाने झाड जमिनीलगत छाटल्यास पुढच्या वर्षीचे बेणेच हातचे जाते. काढणीनंतर सहा ते आठ आठवडे पाणी चालू ठेवावे. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडून कंद खणावेत. सप्टेंबर-ऑक्टोबरातील लागवडीत ही वेळ साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये येते.

निशिगंधाची रीत वेगळी आहे. त्याची पाने बुडाशीच झुबक्याने असतात, त्यामुळे दांडा खालून कापण्यास हरकत नाही. मात्र एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढील फुले त्याच्या बगलेत वाढणाऱ्या पिलांना येतात. म्हणून ‘फुले रजनी’ असो वा ‘प्रज्वल’, एकाच जागी तीन वर्षे पीक घेता येते. त्यानंतर गड्ड्यात दाटी होते, दांडे आखूड पडतात आणि गड्डे खणून पिले वेगळी करणे भाग पडते.

साठवणीचा धडा शेतकऱ्याने अन्यत्र शोधण्याचे कारण नाही. वैजापूर भागातील कांदा उत्पादक कांदा सावलीत सुकवतो, हवेशीर चाळीत ठेवतो आणि सडका कांदा वेळीच वेचून काढतो. फुलांच्या कंदांनाही हेच हवे. माती झाडून कंद दोन-तीन आठवडे सावलीत सुकवावेत, इजा झालेले बाजूला काढावेत आणि शिफारशीच्या बुरशीनाशकाची प्रक्रिया करून पातळ थरात पसरावेत. ढीग घालू नये. अधूनमधून खालीवर करावेत. एप्रिल-मेमध्ये येथील पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालची खोली निरुपयोगी ठरते. ग्लॅडिओलसच्या कंदांना सुमारे तीन महिने विश्रांती लागते. ती शीतगृहात ४ ते ५ अंश तापमानात दिल्यास उगवण एकसारखी होते. एकेका शेतकऱ्याला शीतगृहाचे भाडे जड जाते, पण गावातील चार-पाच जणांनी मिळून माल ठेवल्यास ते झेपते. ग्रामपंचायतींनी यात पुढाकार घेण्यासारखा आहे.

काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत पावसाळ्यात राहिलेले कंद कुजतात. निशिगंध अशा जमिनीत ठेवायचाच असेल, तर तो गादीवाफ्यावर असावा व चर मोकळे असावेत.

शाळांच्या व कचेऱ्यांच्या आवारात वेगळीच अडचण दिसते. तपासणीची तारीख ठरली की लिलीची फुलून गेलेली झाडे स्वच्छतेच्या नावाखाली छाटली जातात आणि पुढील वर्षी फुले का आली नाहीत, याचे सर्वांना नवल वाटते! मे महिन्यात चेंडूसारखे लाल फूल देणाऱ्या लिलीची पाने पावसाळाभर हिरवी राहू द्यावीत. ती आपोआप वाळल्यावरच काढावीत व हिवाळ्यात पाणी अगदी बेताचे द्यावे. विद्यार्थ्यांकडून पाने राखलेल्या आणि छाटलेल्या दोन कुंड्यांची नोंद ठेवून घेतल्यास विज्ञानाचा तास आवारातच होईल.

ग्लॅडिओलसची बारीक पिले बहुधा टाकून दिली जातात. ती वेगळ्या वाफ्यात लावून, आलेला फुलोरा खुडत गेल्यास साधारणतः दोन हंगामांत फुलण्याजोगा कंद तयार होतो.