मोटारसायकलच्या ब्रेकची निगा

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत कापड व्यवसायाच्या निमित्ताने स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आखाजीला, कानबाईच्या उत्सवाला व लग्नसराईत त्यांतील काहीजण नवापूरमार्गे मोटारसायकलने साक्री-धुळे भागातील आपल्या गावी जातात. परतीच्या वाटेवर दहिवेल सोडल्यानंतर कोंडाईबारीचा घाट उतरावा लागतो. मागे कुटुंब व सामान असताना त्या उतारावर ब्रेकने दगा दिल्यास सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणून ब्रेकची निगा प्रत्येक वाहनधारकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ब्रेक सैल का होतो?

डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबला असता मास्टर सिलिंडरमधील तेल नळीवाटे कॅलिपरमध्ये ढकलले जाते आणि तेथील दट्ट्या पॅडना डिस्कवर दाबतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा शाळेत शिकविला जाणारा पास्कलचा नियम होय. द्रव सहसा आकसत नाही. हवा मात्र आकसते. नळीत हवेचे बुडबुडे शिरल्यास हाताचे बळ त्यांना दाबण्यातच खर्ची पडते व लिव्हर मऊ लागतो.

दुसरे कारण पाणी. प्रचलित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. सुरतेसारख्या दमट हवेत याकडे विशेष लक्ष द्यावे. नवे डॉट ४ तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक सतत दाबून धरल्यास तेल तापते, त्याची वाफ होते आणि गावात चांगला लागणारा ब्रेक उतारावर निकामी ठरतो. यास्तव तेल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे.

टाकीतील तेलाची पातळी उतरली म्हणून लगेच वरून भरू नये. पॅड झिजल्यानेही पातळी उतरते. प्रथम पॅड पाहावेत. झीज दर्शविणारी खाच नाहीशी झाली असल्यास ते बदलावेत.

हवा काढण्याची रीत

१) वाहन सपाट जागी उभे करून हँडल असे वळवावे की तेलाची टाकी समपातळीत राहील. झाकण पुसून मगच उघडावे.

२) झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच, सीलबंद डब्यातील तेल घ्यावे. डॉट ५ हे सिलिकोनयुक्त तेल इतर तेलांत मिसळू नये.

३) कॅलिपरवरील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे.

४) एकाने लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून धरून ठेवावा. दुसऱ्याने पान्याने निपल पाव फेरा सैल करावा. तेल व बुडबुडे बाहेर येतील. निपल पुन्हा आवळल्यावरच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकल्यास हवा परत आत ओढली जाते.

५) बुडबुडे थांबेपर्यंत ही कृती करावी. मधूनमधून टाकीत तेल भरावे. ती रिकामी झाल्यास सर्व श्रम वाया जातात.

६) शेवटी निपल बेताने आवळावा, पातळी योग्य ठेवून झाकण लावावे.

दक्षता

ब्रेक ऑइल रंग खराब करते; सांडल्यास त्वरित भरपूर पाण्याने धुवावे. डिस्क व पॅडना तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये. काढलेले तेल पुन्हा वापरू नये व गटारात ओतू नये.

भारतात २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. अशा वाहनांबाबत माहितीपुस्तिकेतील सूचना पाहाव्यात. त्यात विशेष उपकरण सांगितले असल्यास काम कार्यशाळेत करून घ्यावे. ड्रम ब्रेकमध्ये बहुधा तेल नसते. तेथे केबल किंवा रॉडचा ताण व लायनिंग तपासावे.

काम झाल्यावर लिव्हर घट्ट लागतो की नाही हे पाहून मोकळ्या जागेत मंद गतीने चाचणी घ्यावी. लिव्हर अद्याप मऊ असल्यास वाहन रस्त्यावर न आणता कुशल कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा व ब्रेक सतत दाबून धरू नये. ही तपासणी निघण्याच्या सकाळी घाईने न करता दोन-चार दिवस आधी करावी, म्हणजे दोष आढळल्यास दुरुस्तीस वेळ मिळतो.