घरचे मांजर : त्याच्या लकबी आणि खेळातील धोके



गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याविषयीचे लेख आपण नेहमी वाचता. मांजराविषयी लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. मी तर कृषिविद्येचा शिक्षक, तणे हा माझा शिकविण्याचा विषय. पण मांजराकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका तणामुळेच. आमच्या घरच्या सोयाबीनमध्ये खुरपणी चालू होती. बायकांनी उपटलेल्या तणाचे ढीग बांधावर घातले होते. घरचे मांजर मागोमाग आले, त्याने एका ढिगात तोंड खुपसले, एक रोप मुळासकट बाहेर ओढले आणि त्यावर गाल घासत, लोळत, लाळ गाळत ते बराच वेळ वेड्यासारखे करीत राहिले. बायकांची हसून पुरेवाट झाली. 'मांजराला लागिर झालं' असे एकीने सांगूनही टाकले.

ते रोप खोकलीचे होते. खरिपात बांधावर, परसात, उकिरड्याजवळ हे तण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. काही ठिकाणी त्यास कुप्पी असेही म्हणतात. त्याच्या मुळांच्या वासाने मांजर खुळावते. परदेशात मांजरांच्या आवडीची म्हणून कॅटनिप नावाची एक वनस्पती प्रसिद्ध आहे. तिच्यात जी गंधद्रव्ये असतात, त्याच प्रकारचे द्रव्य खोकलीतही आढळते. सगळीच मांजरे असे करीत नाहीत आणि जी करतात त्यांचा अंमलही थोड्या वेळात उतरतो. तेव्हा लागिर वगैरे काही नाही.

मात्र मला काळजी वाटली ती निराळीच. तो ढीग फवारणी झालेल्या पिकातला असता तर? मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालविते. म्हणजे जे मांजराच्या अंगाला लागते ते त्याच्या पोटात जाते, हे एक सूत्र ध्यानात ठेवावे. पुढील बरेचसे विवेचन या सूत्राभोवतीच फिरणार आहे.

खेळ म्हणजे शिकारीचा सराव

मांजराचे पूर्वज धान्याच्या कोठारातील उंदरांच्या मागे माणसाजवळ आले, असे मानले जाते. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. इतकी वर्षे माणसाजवळ राहूनही त्याची शिकारीची वृत्ती तसूभर कमी झालेली नाही. पिल्लू महिना-सव्वा महिन्याचे झाले की दबा धरणे, मागचा भाग हलवून नेम धरणे, झडप घालणे, पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा झाडणे हे सर्व सुरू होते. आपल्याला तो खेळ वाटतो, पिल्लाचे ते शिक्षण चालू असते.

सकाळी झुंजूमुंजू होताना आणि दिवेलागणीला मांजर एकाएकी घरभर उधळते. याचेही कारण हेच होय. उंदरांच्या हालचालीच्या या वेळा आहेत आणि मांजराचे शरीर त्या वेळी शिकारीस तयार असते. खिडकीत बसून चिमण्यांकडे पाहत दात कटकटवणे हे हाताशी न येणाऱ्या शिकारीपुढचे चुळबुळणे आहे. मेलेला उंदीर आपल्या अंथरुणाशी आणून ठेवणे अनेकांना किळसवाणे वाटते. मांजरी पिल्लांसाठी शिकार अशीच आणून ठेवते, तेव्हा मारू नये. उंदीर कागदाने उचलून खोल पुरावा. मांडीवर बसून पुढचे पाय आळीपाळीने कणीक तिंबल्यासारखे दाबणे ही तर दूध पिण्याच्या वयातली सवय. आईच्या सडांना असे दाबले की पान्हा सुटतो. पायांना गाल घासणे म्हणजे स्वतःच्या वासाची खूण करणे. गालावर त्यासाठी ग्रंथी असतात.

उबेची आवड हा मांजराचा आणखी एक विशेष. आपल्याला जे तापमान उकाड्याचे वाटते, म्हणजे 30 अंश सेल्सिअसच्या पुढचे, त्यात मांजर सुखावते. म्हणून ते चुलीच्या वैलाजवळ, पाटीत, खोक्यात, कडब्याच्या गंजीत आणि नुकत्याच बंद केलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी जाऊन बसते. शेवटची जागा जिवावर बेतणारी आहे. सकाळी ट्रॅक्टर, जीप किंवा इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन-तीन थापा माराव्यात. कडबा कुट्टी यंत्र आणि मळणी यंत्र चालू करतानाही हीच खबरदारी घ्यावी. मांजरी पिल्लांना 'सात घरे दाखविते' असे आपण म्हणतो. ती जागा बदलते हे खरे आहे, आणि त्या जागांत गंजीचा पोकळ भाग व यंत्राखालचा आडोसा हमखास असतो. कडब्याची पेंढी काढताना आतून बारीक आवाज आला तर काम थांबवून पाहावे. पिल्ले हलवावी लागली तर मांजरीच्या नजरेसमोर, जवळच एखाद्या पाटीत ठेवावीत.

दोरा दिसतो साधा

खेळण्यातला सर्वांत मोठा धोका दोऱ्याचा आहे. मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते आणि तिच्यावरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. एकदा दोरा तोंडात गेला की तो थुंकून टाकणे मांजरास कठीण जाते. दोरा आतच सरकत राहतो. पुष्कळदा त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. मग लेहंग्याची नाडी ओढल्यावर कापड जसे चुण्या पडून गोळा होते, तशी आतडी त्या दोऱ्यावर गोळा होतात आणि पुढे दोऱ्यानेच कापली जातात. उलट्या होणे, अन्न सोडणे, कोपऱ्यात दबून बसणे ही लक्षणे दिसली तर जिभेखाली दोरा आहे का ते पाहावे. दोरा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबत असला तरी तो कदापि ओढू नये. ओढल्यास आतडे फाटते. मांजर तसेच पशुवैद्यकाकडे न्यावे. बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

शेतकऱ्याच्या घरात दोऱ्याला तोटा नाही. पोत्याच्या तोंडाचा शिवणदोरा, सुतळी, मल्चिंग कागदाच्या पट्ट्या, भाजीच्या जुड्यांचे रबर, सुईत ओवून ठेवलेला दोरा हे सर्व जमिनीवर पडलेले असते. संक्रांतीच्या सुमारास त्यात मांजाची भर पडते. नायलॉन मांजावर 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी तुटलेल्या मांजाचे गुंते झाडांवर आणि तारांवर दिसतातच. पोते उसवताना शिवणदोरा लगेच गुंडाळून डब्यात टाकण्याची सवय लावावी. हा दोरा धान्याच्या वासाचा असतो आणि फरशीवर सळसळतो. मांजराला याहून चांगले खेळणे ते कोणते?

मांजराशी खेळू नये असे माझे म्हणणे नाही. उलट घरात कोंडलेल्या, न खेळणाऱ्या मांजरास मेद चढतो आणि ते माणसांच्या पायांवर झडपा घालू लागते. दाणे काढलेले मक्याचे कणीस, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा चिंध्यांचा घट्ट चेंडू, कागदाचा बोळा, रिकामे खोके एवढे पुरे. काठीला चिंधी बांधून खेळवायचे असल्यास खेळ संपताच काठी उंच खुंटीला अडकवावी. दहा-पंधरा मिनिटे खेळवून शेवटी चिंधी त्यास पकडू द्यावी व लगेच खाऊ घालावे. शिकार केली, पोट भरले, आता झोपावे असा त्याचा क्रम आहे. संध्याकाळी असे केल्यास रात्रीचा धिंगाणा बराच कमी होतो.

गळ्यात सुतळीने घंटा बांधण्याची हौस मुलांना असते. ती सुतळी कुंपणाच्या तारेत किंवा फांदीत अडकून मांजरास फास बसतो. बांधायचेच असेल तर ताण पडताच सुटेल असाच पट्टा बांधावा.

गोठ्यातील औषध मांजराला नको

आता आमच्याच घरचा प्रसंग सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण औषधांची मात्रा हा विषय मी वर्गात शिकवितो. गोचिडांसाठी बैलांना औषध लावण्याचे काम चालू होते. औषध सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातले. भांड्यात उरलेले पाणी वाया कशाला घालवायचे, म्हणून आमच्या धाकट्या बंधूंनी तेच मांजराच्या अंगावरील पिसवांसाठी चोळले. मी तेथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. रात्री मांजराच्या कानांना व पाठीला थरथर सुटली, मग झटके येऊ लागले. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सकाळ झाली. मांजर वाचले नाही. खोकलीत लोळणारे ते हेच.

परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही या गटातील नावे. गुरे व कुत्री जे औषध सहज सोसतात ते मांजराचे यकृत नीट निकामी करू शकत नाही. परमेथ्रिन त्यात सर्वांत घातक. कुत्र्याची गोचीड-पावडर किंवा थेंब मांजरास लावू नयेत. औषध लागलेच तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने अंग ताबडतोब धुवावे, कोरडे करून उबेत गुंडाळावे आणि त्याच वेळी दवाखाना गाठावा. तेल, तूप, दूध, मिठाचे पाणी पाजू नये. गुरांना औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजरास गोठ्याबाहेर ठेवावे. ताप आला म्हणून आपल्यासाठीची पॅरासिटामॉलची गोळी तर अर्धीसुद्धा देऊ नये. तिने मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात आणि मृत्यू ओढवतो.

उंदराचे औषध आणि मांजर

मांजर असले की उंदरांची चिंता नको, हा समज पूर्ण खरा नाही. मांजर चिचुंद्री सोडून देते, घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. घरातील लहान उंदीर मात्र चांगले आटोक्यात ठेवते. म्हणून आमिषाचा वापर होतो. झिंक फॉस्फाईडच्या आमिषाने पोटात विषारी वायू तयार होतो. मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेले आमिष शिल्लक असल्यास मांजरास धोका असतो. ब्रोमॅडिओलोन (0.005 टक्के) हे रक्त गोठू न देणारे औषध आहे. ते खाल्लेला उंदीर चार-सहा दिवस सुस्त होऊन फिरतो. असा उंदीर मांजरास आयताच सापडतो आणि विष उंदराच्या यकृतातून मांजरात जाते. असे अनेक उंदीर खाल्ले तर काही दिवसांनी मांजराच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. यावर 'के-1' जीवनसत्त्वाचे उपचार आहेत, परंतु ते वेळेवर व्हावे लागतात. दवाखान्यात जाताना औषधाचे पाकीट बरोबर न्यावे.

मांजर असलेल्या घरात पिंजराच वापरावा. शेतात आमिष बिळात खोल घालून बीळ बुजवावे, घराच्या वळचणीला ठेवू नये. मेलेले उंदीर सकाळ-संध्याकाळ गोळा करून खोल पुरावेत. या काळात मांजरास पोटभर खाऊ घालून घरात ठेवणे उत्तम. चिकट पुठ्ठ्यावर पिल्लू अडकल्यास रॉकेल वापरू नये. गोडेतेल चोळून हळूहळू सोडवावे व नंतर साबणाने धुवावे.

पाणी, मुले आणि शेळ्या

शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर मांजराची नखे टिकत नाहीत. बेडकामागे धावताना पडलेले मांजर पोहते, पण वर येऊ शकत नाही. काठावरून पाण्यात सोडलेली जाड दोरांची जाळी चार बाजूंना बांधून ठेवावी. त्याचा उपयोग कुत्र्याला, करडाला आणि पाय घसरलेल्या माणसालाही होतो.

हात-पाय हे मांजराचे खेळणे करू नये. पिल्लू असताना गोड वाटणारा चावा पुढे रक्त काढतो. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीज मांजरामुळेही होतो. हळद किंवा चुना लावून घरी बसणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. मांजरास तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी व नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचत राहावे.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. त्यामुळे शेळ्या-मेंढ्या गाभडतात आणि गरोदर स्त्रीच्या गर्भासही धोका असतो. विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ती रोजच्या रोज उचलून पुरावी. हे काम गरोदर स्त्रीने करू नये. शेळ्यांचा खुराक व चारा झाकून ठेवावा, विशेषतः गाभण शेळ्यांचा. मांजरास कच्चे मांस घालू नये. घरातील गरोदर सुनेसाठी मांजर हाकलून देण्याची मात्र गरज नाही. हात धुणे आणि विष्ठेपासून दूर राहणे पुरेसे असते.

मांजरी साधारण 63 ते 65 दिवस गाभण राहते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते. पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडण्याची पद्धत अजून चालू आहे. त्याऐवजी पाच-सहा महिन्यांच्या वयात मांजरी व बोका दोघांचीही शस्त्रक्रिया करून घ्यावी. तशी सोय कोठे आहे याची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी, आणि जाताना मांजरास हवा खेळती राहील अशा झाकणाच्या टोपलीत न्यावे. मोटारसायकलवर पिशवीत घालून नेलेले मांजर वाटेतच उडी मारते.